सात नंबरचा पाला

सव्वीस वर्षं मी जंतूंना जेवायला घालते आहे. लोक याला संशोधन म्हणतात, म्हणोत बापडे. सकाळी मोठ्या कुकरमध्ये अगरची, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पुडीची, खळ शिजवायची, गरम असतानाच काचेच्या चपट्या प्लेटांमध्ये ओतायची, थिजली की तिच्यावर जंतू पसरायचे आणि छोटी छोटी भोकं पाडून प्रत्येक भोकात कशाचा तरी अर्क घालायचा. दुसऱ्या दिवशी येऊन बघायचं. अर्कात दम असेल तर भोकाभोवती मोकळं गोल दिसतं, तिथे जंतू वाढलेले नसतात. दम नसेल तर ते थेट भोकाच्या काठापर्यंत येऊन बसतात. बहुतेक वेळा येऊनच बसतात.

आमच्या लॅबप्रमुख मॅडमचं सध्याचं काम बारा नमुन्यांचं होतं. जखमेवर लावतात म्हणून लोक सांगतात असे आठ प्रकारचे पाले, आणि स्वयंपाकघरातले चार पदार्थ: लसूण, कांदा, मध आणि आंबवलेली कणीक. गोळ्यांना दाद न देणारे जंतू यातल्या कशाला तरी दाद देतात का, एवढाच प्रश्न. तीन वर्षं झाली होती. कच्ची लसूण प्लेटवर जंतूंची दाणादाण उडवायची आणि जरा तापवली की मठ्ठ व्हायची. मध बरा होता. कांद्याचा नुसता वास. कणीक तर एकदा जंतूंना इतकी मानवली की ते नेहमीपेक्षा दाट उगवले. मी हसले. मॅडम हसल्या नाहीत, कारण त्यांना वर्षाअखेर अहवाल द्यायचा होता.

खरं सांगायचं तर मी दमले होते. गुडघे दुखायचे, कुकरच्या वाफेने चष्मा धुरकटायचा आणि रोज त्याच नकारांची नोंद करून हाताला कंटाळा आला होता. रजिस्टरमध्ये रकाने असतात: नमुना किती घेतला, किती दिवस स्पिरिटमध्ये भिजवला, स्पिरिट उडून जाण्यासाठी किती दिवस वाळवला. वाळवण्याचे दिवस चार. नेहमीच चार. त्यामुळे नमुने वाळत घातले की मी त्याच सकाळी बाराही ओळींत 'चार' लिहून मोकळी व्हायची. कोणी विचारलं असतं तर म्हणाले असते, सव्वीस वर्षांत पाचवा दिवस उगवलाय का कधी?

घरी ताईचा पाय होता. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, त्यामुळे वेणी घालण्यापासून लग्न लावून देण्यापर्यंत माझं सगळं तिनेच केलं. आता तिला साखरेचा त्रास होता, आणि नव्या चपलेने करंगळीला झालेली जखम चार महिने भरत नव्हती. तीन वेळा गोळ्या बदलून झाल्या होत्या. शेवटी सर्जननी सांगितलं, की करंगळी काढून टाकू, येत्या गुरुवारी, म्हणजे बाकीचा पाय वाचेल. ताईने मान डोलावली आणि घरी येऊन ती नवी चप्पल कचऱ्यात टाकली.

आम्ही एकाच इमारतीत राहतो, ती आणि भावजी खाली, मी वर. संध्याकाळी पट्टी बदलायचं काम माझं होतं. एका संध्याकाळी मी जे करायला नको होतं ते केलं. जखमेतला पू निर्जंतुक बोळ्यावर घेतला, नळीत घातला, नळी पर्समध्ये टाकली आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेऊन ताईचे जंतू वाढवायला ठेवले. नियमाप्रमाणे कागदपत्रं लागतात, परवानगी लागते. मी नळीवर नुसतं 'टी' लिहिलं. जगभरच्या जंतूंना जेवायला घालते, मग बहिणीच्या जंतूंनी काय पाप केलं होतं?

पुढच्या खेपेचे बारा अर्क तयार होत होते. वाळत घातल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी भावजींचा फोन आला, की ताईला ताप भरलाय, थंडी वाजतेय. मी सगळे नमुने घाईघाईने वाळवणीतून काढले, बाटल्यांत भरले, फ्रिजमध्ये ठेवले आणि पळाले. ताप रात्रीतून उतरला. मग सोमवारी मी तेच अर्क ताईच्या जंतूंवर घातले आणि मंगळवारी सकाळी प्लेटा बाहेर काढल्या.

सात नंबरभोवती मोकळं गोल होतं.

सात नंबर म्हणजे भिंतीच्या कडेने वाढणारं एक चिकट पानांचं झुडूप. लॅबच्या माळ्याने पोतंभर आणून दिलं होतं. हाताला लागलं तर साबणानेही निघत नाही, नुसता डिंक. इतके दिवस त्याच्याकडून काहीच आशा नव्हती, आणि आज चौदा मिलिमीटर. मी मोजपट्टी लावून तीनदा मोजलं. शेजारचा कंट्रोल, म्हणजे ज्या पातळ द्रवात आपण अर्क कालवतो तो नुसता द्रव, कोरा होता. जंतू त्याच्या काठापर्यंत आले होते. म्हणजे द्रवाचा हात नव्हता. पाल्यानेच केलं होतं. माझ्या बहिणीच्या पायातले, तीन तीन गोळ्यांना न जुमानणारे जंतू एका फुकटच्या पाल्याने मारले होते. मी स्टुलावर बसले आणि चक्क रडले. त्या सव्वीस वर्षांत प्लेट बघून मी पहिल्यांदा रडले.

मॅडमना मी 'टी'बद्दल काही न सांगता प्लेट दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली. "छान दिसतंय," त्या म्हणाल्या. "परत करा. नवा अर्क काढा, तीनदा लावा. एका प्लेटवर मी माझ्या मांजरालाही औषध देणार नाही."

"हो मॅडम," मी म्हटलं. हे वाक्य मी स्वतः कितीतरी मुलांना ऐकवलं होतं.

आणि त्याच संध्याकाळी मी ताईकडे गेले. ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती, पाय स्टुलावर, मांडीवर निवडायची भाजी. भावजी ओट्यापाशी कांदा चिरत होते आणि नाक ओढत होते.

"काय गं, आज तोंड कसं उजळलंय?" ताई म्हणाली.

मी सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं. तिच्या जखमेतला पू नेल्याचं सांगितलं, गोल कसं दिसलं ते सांगितलं, बोटांनी दाखवलं, एवढं मोठं, एवढं.

"म्हणजे माझे जंतू मेले?"

"त्या गोलात तरी मेले."

"मग बोट कशाला कापायचं?"

भावजींची सुरी थांबली. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, की ताई, काच वेगळी, पाय वेगळा. काचेवर भांडी घासायचा साबणसुद्धा जंतू मारतो. मला हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पण ताईचा चेहरा सर्जनकडून आल्यापासून पहिल्यांदा माणसासारखा दिसत होता.

"चार दिवस थांबायला हरकत नाही," मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. गुरुवारी ताई दवाखान्यात गेली नाही. भावजींनी फोन करून कळवलं, की आम्ही विचार करून सांगतो.

त्यानंतर भावजी रोज सकाळी इमारतीच्या भिंतीकडेचा तोच पाला तोडून आणायचे, धुवायचे, ठेचायचे आणि जखमेवर बांधायचे. इतकं मन लावून त्यांनी आयुष्यात काही केलं नव्हतं. ताई म्हणायची, "गार वाटतंय गं." गोळ्यांनी मळमळतं म्हणून तिने त्या बंद केल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं. पट्टी बदलतानाही आता माझी गरज नव्हती. मी विचारलं की दोघं एका सुरात सांगायचे, बरं आहे, सुकत चाललंय. मलाही तेच ऐकायचं होतं.

इकडे लॅबमध्ये मी नवा अर्क काढत होते. पाला भिजवायला तीन दिवस, वाळवायला चार, मग प्लेटा. त्यात एक दिवस इन्क्युबेटर रुसला. तरी म्हटलं, नीट होऊ दे, घाई नको. दहाव्या दिवशी सकाळी सात नंबरच्या तीनही प्लेटा टेबलावर ठेवल्या.

तिन्ही कोऱ्या. जंतू भोकाच्या काठापर्यंत आले होते, एकावर तर भोकात उतरले होते.

आधी मी जंतूंना शिव्या दिल्या, मग माळ्याला, की भलताच पाला आणला असणार. मग जुनी बाटली फ्रिजमधून काढली. तिचं झाकण उघडलं आणि मला वास आला. स्पिरिटचा. मंद, पण स्पष्ट. नव्या बाटलीला तो वास नव्हता, नुसता हिरवा वास होता.

मी रजिस्टर उघडलं. सात नंबरपुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: चार दिवस. बाकीचे अकरा नमुने तीन दिवसांतही वाळतात, कोरडे पडतात. पण सात नंबर म्हणजे डिंक. त्याच्या पोटात स्पिरिट अडकून राहतं, त्याला चार दिवस पुरतात तेच नशीब. मी तो तिसऱ्या दिवशी उचलून ताईकडे पळाले होते. त्या प्लेटवर ताईचे जंतू पाल्याने मेलेच नव्हते. स्पिरिटने मेले होते. कंट्रोल कोरा आला, कारण कंट्रोलमध्ये ते स्पिरिट नव्हतंच. आणि रजिस्टर खोटं बोलत होतं, कारण ते मी सकाळीच भरून टाकलं होतं.

मी जुना अर्क, नवा अर्क आणि पाण्यात मिसळलेलं नुसतं स्पिरिट, असं तिन्ही ताईच्या जंतूंवर लावलं. दुसऱ्या दिवशी तीन प्लेटा मॅडमपुढे ठेवल्या. 'टी' म्हणजे कोण तेही सांगितलं. रजिस्टरमध्ये 'चार' खोडून शेजारी 'तीन' लिहिलं, सही केली, तारीख घातली. मॅडमनी तिन्ही प्लेटा एकेक करून उजेडात धरल्या. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं झालं होतं; त्यांनी सात नंबरवर अहवालाचं एक पान लिहून ठेवलं होतं.

"तुमच्यावर ओरडायला हवं मी," त्या म्हणाल्या. "ते नंतर. बहिणीने ऑपरेशन करून घेतलं ना?"

मी रजिस्टर मिटलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आधी घरी जा," त्या म्हणाल्या.

घरी ताई ऐकेना. मी सांगत होते, ती मान हलवत होती. "तू दमलीयेस, चिमे. पहिल्यांदा निघालं ते खरं. दुसऱ्यांदा काहीतरी चुकलं असेल तुझं." चिमी म्हणणारी जगात ती एकटीच उरली आहे. मी तिला वाळवण समजावलं, डिंक समजावला, कंट्रोल समजावला. तिने विचारलं, "मग आधी का नाही कळलं?" मी म्हटलं, पट्टी सोड, बघू दे. ती म्हणाली, आत्ताच बांधलीये. खोलीत वास होता. पाल्याचा वास असेल असं मी स्वतःला सांगितलं, आणि तेव्हाच मला कळलं, की मी अजूनही तेच करते आहे.

"भावजी," मी म्हटलं, "टॅक्सी बोलवा. दवाखान्यात जायचंय. आधी पाच मिनिटं माझ्या लॅबमध्ये."

लॅब तळमजल्यावर आहे हे त्या दिवशी बरं झालं. भावजींच्या खांद्यावर भार टाकत ताई आत आली आणि माझ्या स्टुलावर बसली. इतक्या वर्षांत ती इथे कधी आली नव्हती. तिने कुकर बघितला, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, माझा डाग पडलेला कोट बघितला. "धुतेस का कधी हा?" म्हणाली.

मी तीन प्लेटा बंद झाकणांसकट तिच्यापुढे ठेवल्या. काही समजावलं नाही, नुसतं सांगितलं: ही घाईत काढलेल्या पाल्याची, ही नीट वाळवलेल्या पाल्याची, ही नुसत्या स्पिरिटची.

ताईने आयुष्यभर धान्य निवडलं आहे. तिची नजर माझ्या मोजपट्टीपेक्षा बारीक. ती वाकून बघत राहिली.

"ही पहिली आणि तिसरी सारख्याच आहेत."

"हो."

"तिसरीत पाला नाही."

"नाही."

"आणि मधलीत पाला आहे, तर तिथे काहीच नाही."

"काहीच नाही."

"मग पाल्याने केलं काय?"

"काही नाही, ताई. पाल्याने काहीच केलं नाही."

ती मधल्या प्लेटवरच्या दुधट थराकडे बोट दाखवून म्हणाली, "हे सगळं माझ्या पायातलं?"

"हो."

"बरंच आहे की गं," ती म्हणाली, आणि भावजींकडे हात पुढे केला. "चला. उठवा मला."

दवाखान्यात पट्टी सोडली तेव्हा नर्सने खिडकी उघडली. ठेचलेला पाला जखमेला चिकटून बसला होता, तो ओला करून एकेक तुकडा काढावा लागला. खाली करंगळी काळी होती, आणि करंगळीपाशी ते थांबलेलं नव्हतं. लाली घोट्याच्या वर चढली होती. मी बघितलं. मला बघता येतं. सव्वीस वर्षं मी जंतू कुठपर्यंत वाढलेत तेच बघत आले आहे.

सर्जन तरुण होते, रात्रपाळी करून आलेले, दाढी वाढलेली. त्यांनी पाय दाबून बघितला, फोटो बघितले, रक्ताचे रिपोर्ट बघितले. "तेव्हा एका बोटावर भागलं असतं," ते म्हणाले. "आता घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल. आजच." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. आमच्यासारखी माणसं ते रोज बघत असणार. "दोन आठवडे कुठे होतात? कुणी सांगितलं थांबायला?"

भावजी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायला लागले. मी श्वास घेतला. वाक्य तयार होतं. मॅडमना सांगितलं होतं तसंच सांगायचं होतं, काही न लपवता. मी तोंड उघडलं.

"कुणी नाही," ताई म्हणाली. "मीच घाबरले, डॉक्टर. कापायचं म्हटलं की भीती वाटते हो. घरचे सगळे पाठीमागे लागले होते, मीच ऐकलं नाही. ही माझी बहीण तर रोज सांगायची."

"ताई—"

"तू गप्प बस जरा. माझा चष्मा दे त्या पिशवीतला."

मी पिशवीत हात घातला. चष्मा शोधायला वेळ लागला. तो वरच होता, तरी वेळ लागला. मी चष्मा दिला तोपर्यंत सर्जन लिहायला लागले होते. आता बोललं तर उगाच तमाशा होईल असं मी मनाशी म्हटलं. ऑपरेशनची घाई आहे, तिचं रक्त तपासायचं आहे, त्या माणसाला झोप नाही. कारणं भरपूर होती. पण त्या सगळ्यांच्या खाली मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

नातेवाइकाच्या सहीसाठी संमतीचा कागद आला. भावजींनी पेन हातात घेतलं आणि नुसतंच धरून उभे राहिले. "तिला द्या," ताई म्हणाली. "चिमीचं अक्षर चांगलं आहे."

मी कागद वाचला. मी कधीच न वाचता सही करत नाही. वर ताईचं नाव होतं, वय होतं, पायाची बाजू होती, आणि तिसऱ्या ओळीत सर्जनच्या घाईच्या अक्षरात लिहिलं होतं: 'सल्ला देऊनही रुग्णाने स्वतःहून उपचार टाळले.' ताई चष्म्यातून माझ्याकडेच बघत होती. तिने भुवया किंचित उचलल्या, लहानपणी मी पाहुण्यांसमोर काही बोलायला लागले की उचलायची तशा.

मी खाली सही केली. तारीख घातली. नात्याच्या रकान्यात 'धाकटी बहीण' असं लिहिलं, आणि कागद नर्सकडे दिला.